तीस बारांची उभी धून

मास्तर, तुमच्या फोटोच्या फ्लेक्सवर गावच्या मंडळींनी ‘ज्यांच्या सुरांनी सर्वांना रडवले’ असं छापायला दिलं होतं. मी ते काढायला लावलं. दुकानदार म्हणाला, “काका, शोकाच्या फ्लेक्सवर असंच राहते.” मी म्हणालो, राहत असेल, पण खोटं आहे. या माणसाबरोबर मी अर्धं आयुष्य साईड ड्रम वाजवला. एकही माणूस रडताना पाहिला नाही. चिडताना पुष्कळ पाहिले. ‘चिडवले’ छाप, नाहीतर ती ओळ काढ. त्यानं ओळ काढली. तुमच्या नावाखाली आता नुसती पांढरी जागा आहे.

तुम्ही गेल्यापासून घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलतो. मास्तरांची ती दुःखी धून. मास्तरांची ती रडकी धून. ज्यांनी आपल्या लग्नात ती थांबवायचा प्रयत्न केला होता, तेसुद्धा आता डोळे पुसत सांगतात की काय आर्त वाजवायचे. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, याचा लोक फायदा घेतात. म्हणून मी लिहायला बसलो. मी लिहिणारा माणूस नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी राईस मिलच्या वजनकाट्यावर बसतो. भरलेला ट्रक मोजायचा, रिकामा मोजायचा, मधला फरक सांगायचा. इथेही तेवढंच करणार आहे.

सुरुवात तुमच्या वडिलांपासून करावी लागेल. तुम्ही त्यांना ‘बुढा’ म्हणायचात, आणि त्या एका शब्दात जेवढा मान ठेवायचात तेवढा लोक ‘तीर्थरूप’ लिहूनही ठेवत नाहीत. बुढा तरुणपणी मॅंगनीजच्या खाणीवर कामाला होता. दिवसा खाणीत, संध्याकाळी साहेब लोकांच्या क्लबात. काम काय, तर बाहेरच्या ओसरीत बसून पंख्याची दोरी ओढायची. आत साहेब आणि मडमा नाचायच्या, चाबी भरायच्या बाजावर तबकड्या लागायच्या. त्यातली एक तबकडी बुढ्याच्या कानात बसली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शब्द बाहेरच राहिले. भिंतीतून फक्त चाल आली. तुम्ही सांगायचात, “माह्या बापाची दोरी त्या धुनेवर चालायची. साहेबाले हवाबी तालात भेटायची.” अमेरिकेत काळ्या लोकांनी वाजवून वाजवून मोठी केलेली एक चाल आमच्या भंडारा जिल्ह्यात अशी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

मग छप्पनची धम्मदीक्षा झाली. तोपर्यंत तुमच्या घराकडे गावाचं डफडं होतं. लग्न असो, मयत असो, सण असो, कोणीतरी लांबून बोट वर करायचं आणि तुमच्या आज्यानं, बुढ्यानं वाजवायला सुरुवात करायची. बोट खाली आलं की थांबायचं. दीक्षेनंतर बुढ्यानं डफडं खाली ठेवलं, ते पुन्हा उचललं नाही. गाव नाराज झालं. समाजातले काही लोक म्हणाले, आता वाजवणंच सोड. बुढ्यानं तेही ऐकलं नाही. नागपूरहून एक जुना कॉर्नेट, ट्रम्पेटचा आखूड भाऊ, आणला आणि दोघांनाही एकच उत्तर दिलं, जे तुम्ही त्याच्या आवाजात करून दाखवायचात: “डफडं गावाचं होतं. हा वाजा माहा हाये. वाजवीन, पन ठरवून जाईन. बोटावर नाई.”

आणि एक नियम केला. कुठल्याही लग्नात बँडची पार्टी गेली की ड्रेस घालून ओळीत उभं राहायचं आणि पहिल्यांदा एक धून वाजवायची, जागच्या जागी, उभ्यानं. ती संपेपर्यंत घोडी हलणार नाही, नवरदेव हलणार नाही, आपणही हलणार नाही. त्या धुनेची फर्माईश कोणी केलेली नसेल, म्हणून ती कोणी थांबवूही शकणार नाही. यासाठी बुढ्यानं क्लबातली ती चाल घेतली. ती कुठल्या देवाची नव्हती, कुठल्या विधीची नव्हती, सिनेमातली नव्हती. जिल्ह्यात तिचं नाव माहीत असलेला एकही माणूस नव्हता. आपल्या पार्टीत तिला ‘उभी धून’ म्हणायचे. दुसरं नाव तिला कधी लागलंच नाही.

मी पार्टीत आलो तेव्हा बुढा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि कॉर्नेटच्या जागी तुमचा ट्रम्पेट होता. माझ्या घरी कुरकुर झाली. आमच्या समाजातला मुलगा त्यांच्या बँडमध्ये कसा, वगैरे. ती कुरकुर तुमच्यापर्यंत गेली होती, हे मला नंतर कळलं. तुम्ही मला फक्त एवढंच विचारलं होतं, “मोजता येते का तुले?” मी म्हणालो, येते, पण मी तुमच्या समाजातला नाही. तुम्ही म्हणालात, “मंग जात कायले सांगतं? ड्रम घे.”

सानगडीचं ते लग्न तुम्हाला आठवत असेलच. मे महिना, गरम कापडाचे लाल कोट, आतून घामाची धार. घोडीवर नवरदेव बसलेला, वऱ्हाड तयार, आणि आपण ओळीत उभे राहून ती धून धरली. नवरदेवाचा मामा तडक समोर आला.

“ओ मास्तर, मयतीत आले का लग्नात? हे काय रडगानं लावलं?”

तुम्ही वाजवत राहिलात. ओळ पूर्ण केली, ट्रम्पेट ओठावरून खाली घेतला आणि म्हणालात, “रडून नाई राहिलो भाऊ. उभे आहो.”

“मंग चाला ना.”

“हे झालं की चालतो.”

“अन् मी बंद कर म्हनलं तर?”

“तर बंद करतो. पेटीत ठेवतो अन् जातो. तुमी वरात तोंडानं वाजवत न्या.”

मामा माझ्याकडे वळला, कारण मी नवा दिसत होतो. “तू सांग बे याले.” मी काय सांगणार? मी मोजत होतो. घोडीवरून नवरदेव म्हणाला, “मामा, वाजवू द्या ना, चटके बसून राहिले मले.” लोक हसले. आपण धून संपवली आणि मग अशी वरात काढली की तोच मामा नोट कपाळाला लावून नाचत होता. परत येताना जीपमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, एवढा हट्ट काहून? तुम्ही म्हणालात, “लग्नाचं सगळं त्याईचं. पयलं गानं आपलं.”

आता आपल्या पहिल्या वादाकडे येतो. तुम्ही म्हणायचात, ती धून दुःखी नाही. मी म्हणायचो, आहे. माझं म्हणणं साधं होतं. हार्मोनियमवर बसून पाहा. तिच्यात गंधार कोमल आहे, धैवत कोमल आहे. इंग्रजीत याला मायनर म्हणतात, आणि मायनर ऐकलं की माणूस खाली बघतो. त्याला मी काय करू? तुम्ही म्हणायचात, “खाली पायते ते बरोबर. पन काहून पायते? पाय घट्ट हायेत का ते पायाले.” आणि मग मधला भाग वाजवून दाखवायचात, जिथे चाल थोडा वेळ मायनर सोडून मोकळी होते, ऊन पडल्यासारखी, आणि परत आपल्या जागी येते. “पाय, बाहेरची वाट याले मालूम हाये. तरी वापस येते. ज्याले रडायचं राह्यते तो वापस येते काय?”

हे उत्तर मला पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण उत्तर तुमचं होतं आणि तुम्ही ते प्रत्येक लग्नात उन्हात उभं राहून दिलं. फ्लेक्सवरची ओळ मी म्हणूनच राहू दिली नाही. तुमच्याशी न पटणं वेगळं आणि तुमच्या तोंडी दुसऱ्याचं घालणं वेगळं.

दुसरा वाद मोठा होता, तो मोजणीचा.

चार ठोक्यांचा एक बार. उभ्या धुनेची पहिली ओळ आठ बारांची. तीच पुन्हा, आठ. मग मधली वेगळी ओळ, आठ. शेवटी पहिली ओळ परत. आठ चोक बत्तीस व्हायला पाहिजेत. मी पहिल्या दिवसापासून मोजले, तीसच भरत होते. शेवटची ओळ सहाव्या बारावर संपायची आणि तुम्ही धाडकन पहिल्या ओळीवर उडी घ्यायचात. नव्या माणसाचा पाय तिथे अडखळायचाच. मीही सुरुवातीला तिथे पडायचो. मग सवय झाली, पण सवय झाली म्हणून मोजणी बदलत नाही. मी म्हणायचो, मास्तर, दोन बार कमी आहेत. तुम्ही म्हणायचात, “बुढ्यानं अशीच वाजवली.” विषय संपला.

तुमची पौर्णिमा नागपूरला शाळेत शिकवायला लागली आणि घरी मोठा मोबाईल आला, तेव्हा मला पुरावा मिळाला. पोरीनं बापाच्या तोंडून ती चाल ऐकून ऐकून, कोणाकोणाला विचारून, शेवटी मूळ गाणं शोधून काढलं. तुमच्या अंगणात खाटेवर मोबाईल ठेवून आपण ऐकलं. एक बाई गात होती. मग पौर्णिमानं दुसरं लावलं, त्यात नुसता ट्रम्पेट. मग तिसरं, त्यात पियानो. प्रत्येकाचा वेग वेगळा, नटवणं वेगळं, पण खालची चाल तीच, आपली. वहिनी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं माय, हे तं आपलं गानं हाये.”

मी तिन्हीमध्ये बोटं मोजली. तिन्हीमध्ये बत्तीस.

पौर्णिमानं त्या दिवशी गाण्याची हकीकतही सांगितली. ते म्हणे एका नाटकासाठी केलं होतं. नाटक पडलं, लोक नाटकाचं नाव विसरले. गाणं मात्र वादकांनी उचललं. एकानं वाजवलं, त्याचं ऐकून दुसऱ्यानं, आणि पुढे ते इतकं पसरलं की कुठल्याही गावात, एकमेकांना न ओळखणारे चार वादक एकत्र आले तरी न ठरवता ते वाजवू शकत. जॅझमध्ये अशा गाण्याला स्टँडर्ड म्हणतात. प्रत्येकानं आपल्या परीनं वाजवायचं, पण सांगाडा सर्वांना ठाऊक असतो.

तुम्ही विचारलंत, “म्हंजे लिहून नाई ठेवत?”

“लिहितात बाबा, पण कोणी कागदाकडे बघत नाही.”

“मंग आपली काय हाये? तुमसरच्या पार्टीत आपला गंगाधर गेला, तो हेच वाजवते. आंबागडची पार्टी वाजवते. सानगडीकडं दोन पार्ट्या वाजवते. कोनी कागद पाह्यला? आपलीबी स्टँडर्डच.”

पौर्णिमा हसत होती. मी हसलो नाही. मी म्हणालो, मास्तर, सगळ्या पार्ट्या तीस वाजवतात, कारण सगळ्यांनी तुमच्याकडून घेतलं. एक चूक पाच जणांनी केली म्हणजे ती बरोबर होत नाही. काट्यात दोष असला तर सगळेच ट्रक चुकीचे मोजले जातात.

पौर्णिमा मग त्या बाईच्या गाण्याचे शब्द मराठीत सांगायला लागली. कोणीतरी सोडून गेलेलं आहे, खिडकी आहे, एवढं सांगून झालं असेल. तुम्ही हात वर केलात. “राहू दे. शब्द बुढ्याले भेटले नोयते, मले नोको.” पोरगी थोडी हिरमुसली. मला तेव्हा तो अडाणीपणा वाटला होता. आता वाटतं, त्या गाण्यात शब्दांची जागा मोकळी होती आणि तिथे तुम्ही बुढ्याला बसवलं होतं. दुसऱ्या कोणाला तिथे जागा नव्हती. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, “वासू, तू काट्यावरच बोल.”

पण ते दोन बार गेले कुठे? यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. माझं म्हणणं असं की तबकडीला ओरखडा असणार. सुई त्या ठिकाणी उडी मारून पुढे जात असणार. बुढ्यानं ती एकच तबकडी ऐकली, तीही भिंतीबाहेरून. त्याच्यासाठी गाणं तेवढंच होतं. मूळ गाण्यात त्या जागी गाणारी बाई एक सूर लांबवते आणि थांबते. नेमकी ती जागा सुईनं गिळली. याच्यापेक्षा सरळ कारण मला दिसत नाही.

तुम्हाला हे म्हणणं अपमानाचं वाटायचं. “म्हंजे माह्या बापानं फुटकी तबकडी पाठ केली?”

“त्यात काय वाईट आहे?”

“वाईट नाई. पन तसं नाई झालं. त्यानं ते दोन बार काढले.”

“कायले काढतील?”

“तिथं काय हाये? थांबनं हाये. साहेबाले थांबाले वेळ होता. बुढ्याचा हात दोरीवर होता, तो थांबला तं शिव्या पडत. त्यानं थांबनं काढून टाकलं.”

याला पुरावा नाही, मास्तर. मी तेव्हाही म्हणालो आणि तुम्ही गेल्यावरही म्हणतो. ओरखड्यालाही पुरावा नाही, हेही मान्य करतो. क्लबाची इमारत पडली, तबकडी कुठे गेली कोणाला माहीत नाही, आणि बुढा कधी बोलला नाही. हा वाद आता उघडाच राहणार. मला उघडे वाद आवडत नाहीत. हा मात्र मी मिटवायला जाणार नाही.

डीजे आला आणि आपल्या पार्ट्या बसल्या. त्याबद्दल रडगाणं लिहिलं तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. एवढंच नोंदवतो की शेवटच्या काही हंगामांत आपल्याला अर्धा तास वाजवायला बोलवायचे, फोटोपुरतं, आणि त्या अर्ध्या तासातही तुम्ही आधी उभी धून घ्यायचात. एका पोरानं विचारलं होतं, “अंकल, हे स्किप नाही होत का?” तुम्ही म्हणालात, “नाई होत. याच्यात बटन नाई.”

मग तुमच्या छातीनं दगा दिला. तुम्ही पायऱ्या चढताना थांबायला लागलात, बोलताना थांबायला लागलात. फक्त त्या सहाव्या बारानंतर थांबत नव्हतात. मी मागून ऐकायचो, सूर फाटत होता, आणि तरी उडी त्याच जागी. मला राग यायचा. समोर दोन बारांची रिकामी जागा पडली आहे, जगातला प्रत्येक वादक तिथे श्वास घेतो, ज्यानं गाणं बांधलं त्यानं ती जागा ठेवली आहे, आणि या माणसाला ती नको आहे.

ऑक्सिजनचं मशीन घरी आणल्यावर एका दुपारी मी तुमच्याजवळ बसलो होतो. मशीन घुरघुरत होतं. तुमची तीन बोटं पांघरुणावर ट्रम्पेटची बटणं दाबत होती. मला कळलं कुठली धून आहे ते. मी मोजत राहिलो आणि तुम्ही पांघरुणावरसुद्धा तीसवरच उडी मारलीत. मग मात्र मला राहवलं नाही.

“मास्तर, आता तरी दोन बार घ्या. श्वासाची जागा आहे ती.”

तुम्ही नाकातली नळी बाजूला केलीत. वहिनी असत्या तर ओरडल्या असत्या. “वासू, श्वास पायजे म्हनून माह्या बापाचं गानं बदलू काय?”

“गाणं तुमच्या बापाचं नाही. अमेरिकेतलं आहे.”

“अमेरिकेत बत्तीसचं हाये ना?”

“हो.”

“मंग तीसचं कोनाचं हाये?”

मी उठलो. हरलो म्हणून नाही, वहिनी चहा घेऊन आल्या म्हणून. तुम्ही नळी पटकन नाकात घातलीत आणि माझ्याकडे असं बघितलंत की जणू सामना जिंकला. त्यानंतर आपलं या विषयावर बोलणं झालं नाही. तुम्ही तिकडे निघून गेलात आणि शेवटचं वाक्य तुमच्याकडे राहिलं. हे बरोबर नाही केलंत.

आता विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात काय झालं ते सांगतो. तुमच्यामागे ते मलाच सांगावं लागेल.

पार्टीत आता नत्थूभाऊ आणि मी, दोघंच. त्यांचा मोठा ढोल, माझा साईड ड्रम. ट्रम्पेट वाजवणारं कोणी नाही. पौर्णिमानं तिच्या शाळेतल्या संगीताच्या सरांना आणलं. आदित्य नाव. नागपूरचा, तिशीतला, सभ्य मुलगा. ट्रम्पेट चांगला वाजवतो. जॅझ शिकलेला आहे आणि तुमची धून, म्हणजे तिचं मूळ, त्याला चांगलं ठाऊक होतं. विहाराच्या आवारात मंडप होता, वंदनेला अवकाश होता, म्हणून आम्ही मागच्या कडुनिंबाखाली एकदा वाजवून बघायचं ठरवलं. तुमसरच्या पार्टीचा गंगाधर आला होता, सानगडीकडचेही आले होते. पौर्णिमा कार्यक्रम मोबाईलवर घेणार होती आणि आदित्य तेच पुढे शाळेतल्या मुलांना शिकवणार होता. मला तेव्हा स्पष्ट दिसलं की आज इथे जशी वाजेल तशीच ती पुढे राहील. तुम्ही आता दुरुस्त करायला येणार नाही.

आदित्यनं धरली. संथ. एवढी संथ की नत्थूभाऊंचा दांडा हवेत थांबला. प्रत्येक सुरावर रेंगाळत, कापत, तळमळत. आणि शेवटी, सहाव्या बारानंतर, तो सूर लांबवून थांबला. पूर्ण दोन बार थांबला. मी मनात मोजले. बरोबर बत्तीस. निर्दोष. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडत होतो ते माझ्यासमोर वाजत होतं आणि मंडपातल्या बायका पदर डोळ्याला लावत होत्या.

मी ड्रमवर हात ठेवला. “आदित्य सर, थांबा.”

“काही चुकलं का काका?”

“नाही. पण इथे असं वाजत नाही. ही वेगात घ्यायची, ताठ उभ्या माणसासारखी. आणि शेवटी थांबायचं नाही. सहावर पहिली ओळ धरायची.”

त्यानं ट्रम्पेट खाली घेतला. “काका, राग मानू नका, पण मूळ बत्तीस आहे. तीस केलं तर फॉर्म तुटतो.”

“मला माहीत आहे. मीच सांगत होतो त्यांना.”

“मग आज तरी बरोबर वाजवू या ना. त्यांची आठवण म्हणून.”

“मास्तरांची चूक काढायचा हक्क माझा आहे,” मी म्हणालो. “मी तो फार कष्टानं मिळवला आहे. तुम्ही कालच आलात.”

नत्थूभाऊ म्हणाले, “अन् चूक बी नोयती ते.” मी म्हणालो, “नत्थूभाऊ, चूक होती.” ते म्हणाले, “नोयती.” पौर्णिमा हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. हसता हसता तिला पुढे बोलता येईना, तेव्हा वहिनीच खुर्चीवरून म्हणाल्या, “सर, वासूभाऊ म्हनते तसं वाजवा. ते होते तवाबी दोघं असेच करत.”

वंदना झाली, पंचशील झालं, फुलं झाली. मग आम्ही तिघं फोटोसमोर ओळीत उभे राहिलो. कोणी बोट वर केलं नाही. मी चार ठोके दिले आणि आदित्यनं धरली, या वेळी वेगात, ताठ. दोन ओळी नीट गेल्या. मधल्या ओळीत ऊन पडलं. शेवटच्या ओळीत सहावा बार आला आणि मी ड्रमवर जोरात मारून पहिल्या ओळीवर गेलो. आदित्य अडखळला, सूर अर्धा फाटला, पण तो आला. पुढच्या फेरीत नीट आला. गंगाधर आणि सानगडीचे लोक मंडपात उभे राहिले होते. मग बाकीचेही उभे राहायला लागले. कोणी रडत नव्हतं, मास्तर. मी मुद्दाम पाहिलं.

संपल्यावर आदित्य घामाघूम होता. ट्रम्पेटमधलं पाणी झटकत म्हणाला, “काका, एक सांगा. तिथे श्वास घ्यायला जागाच नाही.”

“नाही.”

“मग ते कुठे घ्यायचे?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक उन्हात मी तुमच्या पाठीमागे उभा होतो. मला तुमचा लाल कोट दिसायचा, मानेवरचा घाम दिसायचा. तुम्ही श्वास कधी घेता ते समोरच्या माणसाला दिसतं, मागच्याला नाही. तेवढी एकच गोष्ट मी मोजली नाही, आणि तेवढीच विचारलीही नाही.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “शोधावं लागेल तुम्हाला.”

त्यानं ओठ पुसले. फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पुन्हा घेऊ?”

मी काठ्या उचलल्या.